मंत्राधिकार
राज्यकार्य आरंभण्यापूर्वी राजाने मंत्र्यांशी जो विचारविनिमय करावयाचा, त्यास प्राचीन राजनीतिशास्त्रात ‘मंत्र’ म्हणतात. त्याचे विवेचन करणाऱ्या कौटिलीय अर्थशास्त्रातील प्रकरणाचे (अधिकरण १, अध्याय १५) ‘मंत्राधिकार’ हे नाव आहे. सर्व कार्यारंभ मंत्रपूर्वक असावेत, हे त्याचे मुख्य सूत्र.

‘न कंचिदवमन्येत सर्वस्य शृणुयान्मतम् । बालस्याप्यर्थवद्वाक्यमुपयुञ्जीत पण्डितः ॥’ (कोणाचाही अवमान करू नये, सर्वांचे मत ऐकावे, बालकाचेही अर्थपूर्ण वचन शहाण्याने उपयोगात आणावे) हा याच अध्यायातील श्लोक कौटिल्याचा म्हणून सर्रास उद्धृत होतो. संदर्भ पाहता तो विशालाक्ष या पूर्वाचार्याच्या मतप्रतिपादनात येतो. गुह्य गोष्टींचा विचार राजाने एकट्यानेच करावा, असे भारद्वाज या दुसऱ्या पूर्वाचार्याचे मत. त्यावर विशालाक्ष म्हणतो, की एकट्याच्या विचाराने मंत्र सिद्धीस जात नाही. न कळलेले कळणे, कळलेल्याला निश्चिती येणे, दुमत असता संशय फिटणे, एक अंश दिसला असता उरलेला उमगणे, हे सारे मंत्र्यांमुळेच साधते. श्लोक यानंतर येतो आणि लगेच पाराशर (पराशराच्या परंपरेतील आचार्य) आक्षेप घेतात : हे मंत्राचे ज्ञान झाले, मंत्राचे रक्षण नव्हे. पोपट-मैनांनीही मंत्र फोडल्याचे ऐकिवात आहे, असे हा अध्याय सांगतो. त्यावरून गुप्ततेची चिंता किती खोल होती हे दिसते. त्यामुळे सर्वांचे ऐकण्याचा हा उपदेश कौटिल्याचा अंतिम सिद्धांत मानणे अवघड आहे. मात्र तो त्याने खोडूनही काढलेला नाही.

कौटिल्याचे स्वतःचे मत तीन किंवा चार मंत्र्यांचे. एकच मंत्री असल्यास तो अनिर्बंध वागतो आणि बिकट प्रसंगी निर्णय होत नाही. दोघे एक झाले तर राजाला वेठीस धरतात, भांडले तर कार्य नासवतात. प्रत्येकाला वेगवेगळे आणि सर्वांना एकत्रही विचारावे व मतामागील कारणे जाणून घ्यावीत. मनुस्मृतीतही (७.५७) पृथक् व एकत्रित मते घेण्याचे विधान आहे. मंत्रिपरिषद मात्र याहून मोठी असते. मनू, बृहस्पती व उशनस् यांच्या परंपरांतील आचार्य (मानव, बार्हस्पत्य व औशनस) तीत अनुक्रमे १२, १६ व २० अमात्य सांगतात. कौटिल्य ‘यथासामर्थ्य’ (सामर्थ्यानुसार) म्हणतो. इंद्राच्या परिषदेत हजार ऋषी होते, तेच त्याचे डोळे. म्हणून दोन डोळ्यांच्या इंद्राला सहस्राक्ष (हजार डोळ्यांचा) म्हणतात, हे त्याने दिलेले स्पष्टीकरण मार्मिक आहे.

तातडीच्या कार्यात ‘यद्भूयिष्ठा ब्रूयुः कार्यसिद्धिकरं वा’, म्हणजे बहुसंख्य सांगतील ते किंवा कार्य सिद्धीस नेईल ते करावे, असे सूत्र आहे. इतिहासकार का. प्र. जायसवाल यांनी यावरून बहुमत राजावर बंधनकारक होते असे प्रतिपादिले. तथापि सूत्रातील ‘वा’ लक्षात घेता अंतिम निवड राजाकडेच राहते, हा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो.

ऐकण्याचे कर्तव्य मंत्र्यांपुरते नाही. कार्यार्थींना (काम घेऊन आलेल्यांना) दारात खोळंबवू नये, ज्याची भेट दुर्मीळ अशा राजाकडून निकटवर्ती कार्य-अकार्याची उलटापालट करवितात, असे अर्थशास्त्र (१.१९) सांगते. रामायण व महाभारत या दोहोंत येणारे ‘अप्रियस्य तु पथ्यस्य वक्ता श्रोता च दुर्लभः’ (अप्रिय पण हितकर बोलणारा व ऐकणारा दोघेही दुर्मीळ) हे वचन याच आशयाचे.

अर्थशास्त्राचा काळ परंपरेने इ. स. पू. चौथे शतक मानला जातो व अर्थशास्त्राचे संपादक र. पं. कंगले यांनी तो ग्राह्य धरला. अलीकडे ग्रंथाची रचना टप्प्याटप्प्याने, बहुधा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत होत गेली, या मताकडे कल आहे. शुक्रनीती या राजनीतीवरील संस्कृत ग्रंथात मंत्र्यांची मते सकारण लिहून घेण्याचा उल्लेख आहे. परंतु इतिहासकार लल्लनजी गोपाल यांनी तो ग्रंथ एकोणिसाव्या शतकातील ठरविल्यामुळे प्राचीन प्रथेसाठी त्याचा आधार जपूनच घ्यावा लागतो.