पाच महिन्यांच्या राणीचे हृदय

आमची कुत्री राणी अडीच महिन्यांची असताना तिला लसीकरणासाठी नेले, तेव्हा पशुवैद्यांनी स्टेथोस्कोप तिच्या डाव्या काखेशी नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ टेकवून ठेवला. ठोक्याच्या 'लब' आणि 'डब' या दोन आवाजांच्या मधल्या शांततेत त्यांना एक बारीक सुसकारा ऐकू येत होता. पिल्लांमध्ये असा आवाज पुष्कळदा वाढीबरोबर नाहीसा होतो, तेव्हा दीड महिन्याने पुन्हा ऐकू, असे ते म्हणाले. दीड महिन्याने तो आवाज नाहीसा झाला नव्हताच, उलट सहा श्रेणींपैकी चौथ्या श्रेणीपर्यंत वाढला होता. नागपूरच्या धरमपेठेतून घरी येताना मुलीने एवढेच विचारले, की राणी आता मरणार का, आणि त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळच नव्हते. दिवसभर अंगणात धावणारे, भाकरीचा तुकडा हवेतच झेलणारे गावठी पिल्लू आजारी आहे हे डोळ्यांना पटत नाही, आणि म्हणूनच अशी बातमी पचवणे अधिक जड जाते.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत जे समजले त्यातली पहिली गोष्ट अशी, की पशुवैद्य ज्याला 'मर्मर' म्हणतात तो रोग नसून केवळ आवाज आहे. रक्त संथपणे वाहत असते तेव्हा ते निःशब्द असते. कुठे तरी त्याच्या प्रवाहात खळबळ उडाली की तो आवाज स्टेथोस्कोपमधून ऐकू येतो. पिल्लांमधला निरुपद्रवी मर्मर सहसा पहिल्या-दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे हलका असतो आणि चार ते सहा महिन्यांच्या वयापर्यंत बहुधा थांबतो. पोटातील अंकुशकृमींमुळे किंवा गोचीड तापामुळे पिल्लाच्या अंगातले रक्त कमी झाले, तर पातळ झालेले रक्त वेगाने वाहू लागते आणि हृदय धडधाकट असूनही मर्मर ऐकू येतो. आपल्याकडे गोचिडांचा उपद्रव पाहता साधी रक्ततपासणी आधी करून घ्यावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. शिवाय आवाज मोठा म्हणून विकार मोठा, असा सरळ हिशेबही नेहमी लागू पडत नाही. हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला लहानसे छिद्र असेल, तर त्यातून रक्त जोराने फवारते आणि आवाज मोठा येतो. छिद्र मोठे असेल तर आवाज मंद असूनही त्रास अधिक असू शकतो.

दुसरी गोष्ट अशी, की 'हृदयविकार' हा एकच शब्द अगदी वेगवेगळे भवितव्य असलेल्या आजारांना लावला जातो. गर्भात असताना पिल्लाची फुप्फुसे काम करत नसतात, म्हणून फुप्फुसांकडे जाणारी रोहिणी आणि महारोहिणी, म्हणजे शरीराला रक्त पुरवणारी मुख्य रक्तवाहिनी, यांना जोडणारी एक आडवाट असते, जी जन्मानंतर काही दिवसांत आपोआप बंद व्हावी लागते. काही पिल्लांत, आणि त्यातही माद्यांमध्ये जास्त वेळा, ती उघडीच राहते. मग महारोहिणीतले रक्त अखंडपणे फुप्फुसांकडे परतत राहते, हृदयाच्या डाव्या बाजूवर जास्तीचे ओझे पडते, आणि स्टेथोस्कोपमधून यंत्राच्या घरघरीसारखा न थांबणारा आवाज येतो. उपचार झाले नाहीत तर अशी अनेक पिल्ले वर्षभरही जगत नाहीत, पण वेळेत ती वाट बंद केली तर बहुतेकांना पुढे इतर कुत्र्यांसारखे आयुष्य मिळते. माणसांमध्ये ही वाट दोऱ्याने बांधून बंद करण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया रॉबर्ट ग्रॉस या शल्यविशारदांनी १९३८ मध्ये बॉस्टन येथे एका सात वर्षांच्या मुलीवर केली. कुत्र्यांमध्ये आज तेच काम छाती उघडून किंवा मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवून, तारेच्या जाळीचे बूच बसवून केले जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये ही वाट कधी कधी औषधाने मिटते, परंतु कुत्र्यांच्या या दोषात त्या वाटेच्या भिंतीत आकुंचन पावणारा स्नायूच अपुरा असतो, त्यामुळे तिथे औषध उपयोगी पडत नाही.

याउलट महारोहिणीच्या झडपेखाली कड्यासारखी वाढ होऊन वाट अरुंद होण्याचा दोष गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, बॉक्सर अशा जातींमध्ये अधिक दिसतो. तो तीव्र असल्यास पळता पळता कुत्रे कोसळू शकते, आणि त्यावर बूच बसवण्यासारखा खात्रीचा उपाय नाही. म्हणून निदान ऐकल्यावर घाबऱ्या मनानेही एक प्रश्न विचारायलाच हवा: नेमका कोणता दोष, आणि किती?

'किती' याचे उत्तर टू-डी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे हलते चित्र दाखवणारी तपासणी, देते. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे पुढचा सल्ला कुठे मागावा हे शोधत बसावे लागले नाही. राणीला उजव्या कुशीवर झोपवून, कानाशी गुणगुणत धरून ठेवले होते, आणि पडद्यावर तिची फुप्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणीची झडप दिसत होती. तिच्या पाकळ्या जाड होत्या आणि पूर्ण उघडत नव्हत्या. नळाच्या तोंडावर अंगठा धरल्यावर पाणी जसे चिळकांडीसारखे उडते, तसे तिचे रक्त त्या अरुंद फटीतून उडत होते. येथे ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये मांडलेले तत्त्व कामी येते. आपल्याकडे येणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या ध्वनिलहरीची वारंवारता वाढते आणि दूर जाणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरीची घटते. या फरकावरून रक्ताचा वेग काढता येतो. त्या वेगाचा वर्ग करून त्याला चारने गुणले, की झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबांमधला फरक मिळतो. राणीच्या रक्ताचा वेग सेकंदाला ३.९ मीटर होता, ३.९ चा वर्ग १५.२१, त्याची चौपट सुमारे ६१. म्हणजे फरक ६१ मिलिमीटर पारा. पन्नासच्या खाली असेल तर दोष सौम्य, ऐंशीच्या वर असेल तर तीव्र, आणि राणी त्या दोहोंच्या मधे.

हा आकडा ऐकून आमच्या घरात जेवढा धीर आला तेवढा कोणाच्याही सांत्वनाने आला नव्हता. सौम्य दोष असलेली बहुतेक कुत्री औषधावाचून पूर्ण आयुष्य जगतात. तीव्र दोषात नळीच्या टोकावरचा फुगा झडपेत फुगवून पाकळ्या मोकळ्या करतात, मात्र त्यासाठी लागणारी सामग्री आणि हात मोजक्याच ठिकाणी आहेत, आणि बुलडॉगसारख्या काही कुत्र्यांत हृदयाची स्वतःची रक्तवाहिनी त्या जागेला वेढा घालून जात असल्याने आधी ती तपासावी लागते. राणीला अ‍ॅटेनोलॉल सुरू झाले. हे औषध झडप उघडत नाही. ते ठोक्यांचा वेग कमी करते, आणि हृदयाच्या स्नायूला स्वतःचे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत मिळत असल्यामुळे, अरुंद वाटेतून जोर लावून लावून जाड झालेल्या उजव्या कप्प्याला त्यामुळे उसंत मिळते. हे औषध एकाएकी बंद करायचे नसते. याच नावाच्या गोळ्या आजोबांच्या डब्यातही आहेत. कुत्र्याची मात्रा वजनावर ठरते, म्हणून राणीच्या गोळ्या आम्ही स्वयंपाकघरातल्या वेगळ्या फळीवर ठेवतो आणि कोणी दिली त्याची खूण कॅलेंडरवर करतो.

खरी परीक्षा मात्र नागपूरच्या उन्हाळ्याची आहे. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो त्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, निरोगी कुत्रेही माठाखालच्या ओल्या जागेत पोट टेकून पडते. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांखेरीज त्याच्याजवळ घामाच्या उपयोगी ग्रंथी नाहीत. जीभ आणि श्वसनमार्ग यांवरच्या ओलाव्याचे बाष्पीभवन, म्हणजेच धापा टाकणे, हाच त्याचा मुख्य उपाय. त्याच वेळी उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हृदयाला जास्त रक्त फिरवावे लागते, जे अरुंद झडपेच्या हृदयाला जमणे कठीण. मे महिन्यात आमचा कूलर कोरड्या हवेत पाणी उडवून खोली छान गार करतो. जूनच्या अखेरीस पहिल्या पावसानंतर हवा दमट होते, कूलरमधून नुसता ओला वारा येऊ लागतो, आणि नेमके त्याच दिवसांत कुत्र्याची जीभही निकामी ठरते, कारण दोन्हींची कृती एकच आहे. म्हणून कडक उन्हाइतकेच, किंबहुना अधिक, आम्ही त्या उकाड्याच्या आठवड्यांना जपतो. तेव्हा राणीचे फिरणे पहाटे साडेपाचला फुटाळा तलावाच्या बाजूला वीस मिनिटे, गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीच्या पट्ट्याने, आणि ती थांबली की आम्हीही थांबायचे. चेंडूमागे धावण्याचा खेळ आम्ही बंद केला. मुलीने त्याऐवजी घरात पोत्याखाली शेंगदाणा लपवून शोधायला लावण्याचा खेळ बसवला.

घरी काय पाहायचे, हे दोषावर अवलंबून असते, आणि इथे बऱ्याच जणांची गफलत होते. हृदयाची डावी बाजू थकली की पाणी फुप्फुसांत साचते. अशा कुत्र्याचे गाढ झोपेतले श्वास मोजणे हा उत्तम उपाय आहे. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचे, आणि आकडा सतत तीसच्या वर राहिला तर पशुवैद्यांना लगेच कळवायचे. राणीचा दोष उजव्या बाजूचा आहे, त्यात पाणी प्रामुख्याने पोटात साचते. म्हणून आम्ही श्वासांबरोबर दर रविवारी शिंप्याच्या टेपने तिच्या पोटाचा घेर मोजतो. झोपेत तिच्या छातीवर हात ठेवला, तर ठोके श्वास घेताना जलद आणि सोडताना सावकाश पडतात असे जाणवते. पहिल्या रात्री आम्ही त्यानेही घाबरलो होतो, पण निवांत कुत्र्यात तो बदल अगदी स्वाभाविक आहे. ती कधी कोसळलीच, तर आधी तिला सावलीत मोकळी सोडून मोबाइलवर चित्रण करावे, असे सांगण्यात आले आहे. मूर्च्छेतून कुत्रे काही क्षणांत शुद्धीवर येऊन नेहमीसारखे वागू लागते, फिटनंतर मात्र बराच वेळ भांबावलेले असते, आणि हा फरक डॉक्टरांना आपल्या वर्णनापेक्षा चित्रणात लवकर कळतो.

हे दोष आनुवंशिक असू शकतात, म्हणून राणीला पिल्ले होऊ द्यायची नाहीत हे ठरले आहे. नसबंदीच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना इकोचा कागद आधी दाखवावा लागेल. त्यापूर्वी ती एक वर्षाची झाली की इको पुन्हा करायची आहे, कारण शरीर वाढते तसे रक्तही वाढते, झडपेची फट मात्र त्याच प्रमाणात रुंदावेल असे नाही. मुलीने आपल्या वहीत ३.९ हा आकडा लिहून त्याच्यापुढे एक चौकट रिकामी ठेवली आहे.