टोकन भरण्यापूर्वी : फ्रँचायझी घेऊ इच्छिणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे पडताळणीसाठी येणारे बहुतेक फ्रँचायझी करार टोकनची, म्हणजे मुख्य करारापूर्वी कंपनीला द्यायची आगाऊ, रक्कम भरून झाल्यानंतर येतात. "पैसे दिले आहेत, आता करार एकदा नजरेखालून घाला," असे ग्राहक सांगतात आणि दोन दिवसांत उत्तर हवे असते. मात्र त्या टप्प्यावर आमचे काम करार तपासण्याचे राहिलेले नसते. अडकलेली रक्कम सोडवण्याचे ते काम होते, त्याला महिने लागतात आणि आमचे शुल्कही साहजिकच वाढते. म्हणून हे पत्रक.

या घाईमागे एक समज असतो. कंपनीने फ्रँचायझी खरेदीदाराला सर्व माहिती दिलीच पाहिजे असा कायदा असणार, असे बहुतेकांना वाटते. अमेरिकेत तसा नियम १९७९ पासून आहे. तेथे फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीला २३ मुद्द्यांचे माहितीपत्र, करारावर सही होण्याच्या किंवा कोणतीही रक्कम घेण्याच्या किमान १४ दिवस आधी, खरेदीदाराच्या हाती द्यावे लागते. कंपनीवरील दावे, बंद पडलेल्या आउटलेटची संख्या आणि नुकतेच बाहेर पडलेल्या फ्रँचायझीधारकांचे संपर्क हे सर्व त्यात असते. मलेशिया आणि चीननेही असे कायदे केले आहेत. भारतात मात्र फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे असे पत्र देण्याचे बंधनही नाही.

आपल्याकडे आधार आहे तो मुख्यतः भारतीय करार कायदा, १८७२ याचा. कलम १७ प्रमाणे माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणे म्हणजे कपट होय. पण बोलण्याचे कर्तव्य नसेल तेव्हा नुसते गप्प राहणे सहसा कपटात मोडत नाही. कलम १९ चा अपवाद त्याहून महत्त्वाचा आहे. चुकीचे निवेदन किंवा कपटी मौन यांमुळे संमती दिली असली, तरी साधारण दक्षता घेऊन खरी गोष्ट शोधून काढण्याचे साधन खरेदीदाराकडे असेल, तर त्या कारणावरून त्याला करार रद्द करून घेता येत नाही. म्हणजे विचारपूस न करण्याची किंमत कायदा खरेदीदाराकडूनच वसूल करतो. ग्राहक आयोगाकडे जाऊ असे काही जण म्हणतात, पण व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला ते दार सहसा बंद असते. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या व्यवसायाला अपवाद मिळू शकतो.

टोकनसोबत सही करून घेतला जाणारा एक-दोन पानी अर्ज कृपया वाचावा. रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही, हे त्यात बहुधा लिहिलेले असते. पुढे मुख्य करारात 'तोंडी किंवा ब्रोशरमधील कोणत्याही आश्वासनावर विसंबून हा करार केलेला नाही' असे कलम येते आणि 'अठरा महिन्यांत भांडवल वसूल' हे विक्री प्रतिनिधीचे शब्द तेथेच विरून जातात. असे शब्द ऐकलेत तर त्याच दिवशी ई-मेल करून ते लेखी मागावेत. उत्तर आले नाही, तर तीही माहितीच समजावी.

टोकनपूर्वी आलात तर आम्ही प्रथम नाममुद्रा (ट्रेड मार्क) तपासतो. 'टीएम' ही अक्षरे कोणीही लावू शकतो. वर्तुळातील 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच लावता येतो. ट्रेड मार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर हा शोध विनामूल्य आहे आणि तो आपणही घेऊ शकता, पण नोंदणी कोणत्या माल-सेवेसाठी आहे हे सांगणारा वर्ग पाहायला विसरू नये. उपाहारगृहाची सेवा ४३ व्या वर्गात येते. चहा-मसाल्याच्या पाकिटांसाठी ३० व्या वर्गात नोंदणी आहे एवढ्यावरून दुकानाच्या पाटीला संरक्षण आहे असे होत नाही.

त्यानंतर आकडे. महिन्याची विक्री ४ लाख रुपये आणि रॉयल्टी, म्हणजे विक्रीतून कंपनीला द्यायचा हिस्सा, ६ टक्के असेल, तर नफा होवो वा न होवो, महिन्याला २४,००० रुपये द्यावे लागतात. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ४,३२०. उपाहारगृह ५ टक्के दराने कर भरत असेल तर या ४,३२० रुपयांचे इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे ते स्वतः भरायच्या करातून वजा करता येत नाहीत, हे ब्रोशरमधील तक्त्यात आम्हाला क्वचितच दिसते. कंपनीचे ताळेबंद आणि तिच्या मालमत्तेवरील बोजा कंपनी कामकाज मंत्रालयाच्या नोंदींतून पाहता येतात.

बंद पडलेल्या आउटलेटच्या माजी चालकांशी आम्ही स्वतः बोलतो. यासाठी आम्ही सात कामाचे दिवस घेतो आणि तक्रार बहुधा याच सात दिवसांची असते. 'शहरासाठी शेवटची जागा उरली आहे' असे कंपनी म्हणत असताना आम्ही अडवून धरतो, असे ग्राहकांना वाटते. परंतु कंपनीने दिलेल्या यादीतील चालू दुकाने गोडच बोलतात. बाहेर पडलेला माणूस शोधायला आणि त्याला बोलते करायला वेळ लागतो. आम्ही कोणत्याही ब्रँडकडून कमिशन घेत नाही, त्यामुळे आमचे शुल्क आगाऊ आणि ठरलेले असते. अहवाल व्यवहाराच्या विरोधात गेला तरी ते बदलत नाही. आम्ही वकील नाही. कलमांवर कायदेशीर मत लागल्यास आपण आपल्या वकिलांकडे जावे; आमचा अहवाल सोबत नेल्यास त्यांचे काम सोपे होते.

पहिल्या भेटीला ब्रोशर, टोकनचा कोरा अर्ज, कराराचा मसुदा आणि प्रतिनिधीशी झालेला व्हॉट्सॲप संवाद न पुसता घेऊन यावा. मसुदा 'टोकननंतरच मिळेल' असे कंपनीने सांगितले असल्यास तसे आम्हाला फोनवर कळवावे. तो मागण्याचे पत्र आपल्या नावाने तयार करून देण्याचे शुल्क आम्ही घेत नाही.