'फॅमिली डबल डेअर'ची शनिवारची वेळ: पार्श्वभूमी

अमेरिकेत 1988 साली मुलांच्या 'डबल डेअर' या एकाच टीव्ही-खेळाचे तीन अवतार एकाच वेळी पडद्यावर होते. त्यातला सर्वांत अल्पायुषी ठरला फॉक्स या तेव्हा नव्या असलेल्या राष्ट्रीय वाहिनीवरचा 'फॅमिली डबल डेअर'. 3 एप्रिलला तो सुरू झाला आणि 23 जुलैला संपला, म्हणजे जेमतेम 16 आठवडे चालला.

मूळ 'डबल डेअर', म्हणजे प्रश्नांची उत्तरं आणि चिखलराड्यातल्या कसरती यांचा खेळ, निकलोडियन या मुलांच्या केबल वाहिनीवर 6 ऑक्टोबर 1986 पासून, सोमवार ते शुक्रवार, मुलं शाळेतून घरी आल्यावर लागत असे. रोज तीच वेळ, तेच अडथळे, तोच चिखल. मुलांना त्याची सवय लागली आणि वाहिनीचा त्या वेळेतला प्रेक्षक कैक पटींनी वाढला. पुढे 22 फेब्रुवारी 1988 पासून हाच खेळ स्थानिक टीव्ही केंद्रांना विकला गेला आणि केबल नसलेल्या घरांतही रोज दिसू लागला. फॉक्सचा प्रवेश त्यानंतर सहाच आठवड्यांनी झाला. दोन मुलांच्या संघांऐवजी आता आईवडील आणि मुलं मिळून खेळत होती. सूत्रसंचालक मात्र मूळ कार्यक्रमाचाच होता.

खरा वाद आहे तो या कार्यक्रमाला दिलेल्या शनिवार रात्रीच्या जागेचा. पहिला भाग रविवारी दाखवून झाल्यावर त्याला शनिवार मिळाला. शनिवारी रात्री लहान मुलांचा कार्यक्रम कोण बघणार, असं म्हणून अनेकजण विषय तिथेच संपवतात. निर्णय घेणाऱ्यांची बाजू अशी की फॉक्सकडे दुसरी जागाच नव्हती. हे खरं आहे. तेव्हा रात्रीच्या मुख्य वेळेत (प्राइम टाइममध्ये) फॉक्सचं प्रसारण फक्त शनिवारी आणि रविवारी असे, सोमवारची भर 1989च्या सप्टेंबरमध्ये पडली. पण जागा नसणं हे त्या जागेवर नेमका हाच खेळ टाकण्याचं कारण होऊ शकत नाही. रोजच्या सवयीवर उभा असलेला खेळ आठवड्यातून एकदा दाखवला की त्याचा कणाच मोडतो. शिवाय फॉक्सशी जोडलेली केंद्रं बहुतांशी पूर्वीची स्वतंत्र स्थानिक केंद्रंच होती. जवळपास तोच खेळ सोमवार ते शुक्रवार दुपारी फुकट दिसत असताना त्यासाठी शनिवारची रात्र कोण राखून ठेवणार? समोर एनबीसी ही प्रतिस्पर्धी वाहिनी होती. तिथे आठ वाजता 'द फॅक्ट्स ऑफ लाइफ' या विनोदी मालिकेचा अखेरचा हंगाम चालू होता आणि नऊला 'द गोल्डन गर्ल्स' ही विनोदी मालिका असे.

तरीही 'शनिवारी रात्री मुलं टीव्ही बघत नाहीत' हा निष्कर्ष यातून काढणं चूक आहे, आणि तो निकलोडियननेच पुढे खोटा ठरवला. 1985पासून निकलोडियनवर रात्री आठनंतर मोठ्यांच्या जुन्या मालिका लागत. म्हणजे मुलांचा दिवस आठला संपतो, असं ती वाहिनीही धरून चालली होती. मग 15 ऑगस्ट 1992 पासून तिने शनिवारी रात्री आठ ते दहा ही वेळ खास मुलांसाठी राखली आणि तो पट्टा अनेक वर्षं टिकला. फरक इतकाच की तिथे मुलांसाठी सलग दोन तास होते. फॉक्सवर मात्र शनिवारी रात्री नऊला युद्धपटावर बेतलेली 'द डर्टी डझन' ही मोठ्यांची मालिका लागायची.

दरम्यान मूळ खेळ थांबला नव्हता. जानेवारी 1989मध्ये 'सुपर स्लॉपी डबल डेअर' आलं. 1990मध्ये ऑर्लँडोला नवा स्टुडिओ उघडल्यावर कुटुंबांची कल्पना 'फॅमिली डबल डेअर' याच नावाने परत निकलोडियनवर आली आणि 1993पर्यंत चालली. नाव एकच असल्यामुळे याद्यांमध्ये गोंधळ होतो. फॉक्सचे भाग कुणी पहिला हंगाम म्हणून धरतं, तर कुणी वेगळा कार्यक्रम म्हणून. वाहिनी वेगळी, प्रसारणाची पद्धत वेगळी, मध्ये दोन वर्षांचं अंतर. वेगळा कार्यक्रम मानणंच योग्य.

नंतरच्या पुनरागमनांनी आठवड्यातून एकदाची वाट धरली नाही. 'डबल डेअर 2000' हे 2000 साली 24 जानेवारीला सुरू होऊन 10 नोव्हेंबरला संपलं. 25 जून 2018 पासूनची आवृत्तीही निकलोडियनवरच आली, सूत्रसंचालक नवी होती, आणि ती 2019मध्ये थांबली. फॉक्सने हा खेळ पुन्हा कधी घेतला नाही.