इंजिन सीझ, क्लेम रिजेक्ट: ‘ऑइल बदलल्याची नोंद नाही’ म्हणून वॉरंटी नाकारली तर ग्राहक आयोगात अर्ज कसा करायचा

साताऱ्याहून येताना कात्रजचा नवा बोगदा संपला, नवले पुलाकडचा उतार लागला आणि माझ्या धाकट्या भावाच्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला. अर्ध्या मिनिटात खडखडाट, मग इंजिन सीझ, म्हणजे आतले भाग अडकून बंद. गाडी टो करून अधिकृत वर्कशॉपला नेली. सव्वादोन वर्षांची, ३८,४०० किलोमीटर चाललेली, वॉरंटी चालू. त्यामुळे आम्ही तसे निर्धास्त होतो. अकराव्या दिवशी फोन आला, “सर, तुमची तिसरी सर्व्हिस सिस्टिमला दिसत नाही. ऑइल चेंजचं रेकॉर्ड नाही म्हणून कंपनीने क्लेम रिजेक्ट केलाय. एस्टिमेट एक लाख ऐंशी हजार.”

तिसरी सर्व्हिस झाली होती. वर्कशॉपची तारीख मिळेना म्हणून भावाने नाना पेठेतून ऑइल आणि फिल्टर आणला आणि घराजवळच्या मेस्त्रीकडून बदलून घेतला. पुरावा म्हणून हातात होतं एक चिठोरं. त्यावर ‘ऑइल चेंज ६००’ एवढंच. ना गाडीचा नंबर, ना किलोमीटर, ना सही.

या प्रकारात सगळा वाद एका फरकावर उभा असतो. ‘नोंद नाही’ म्हणजे ‘ऑइल बदललं नाही’ असं नव्हे. आणि ऑइल वेळेवर बदललं नव्हतं असं धरलं, तरी इंजिन त्यामुळेच गेलं हे वेगळं दाखवावं लागतं. ऑइल पंप निकामी झाला, टायमिंग चेन तुटली, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ऑइलमध्ये मिसळलं, तर त्याचा सर्व्हिसच्या शिक्क्याशी संबंध काय? नोंद, ऑइल बदलणं आणि बिघाडाचं कारण, या तीन गोष्टींची वर्कशॉपवाले फोनवर एकच गोष्ट करून सांगतात. आपल्या अर्जात त्या सुट्या करून मांडायच्या.

इंजिन खोलण्याआधी

अर्ज कसा भरायचा हे कुठेही कळेल. पण इंजिन खोलून भाग एकदा भंगारात गेले की अर्जात जीव राहत नाही, म्हणून सुरुवात इथून.

वर्कशॉप आधी एक एस्टिमेट पुढे करतं. त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की क्लेम नामंजूर झाला तर खोलण्या-जोडण्याचा खर्च ग्राहकाचा. सही करावीच लागते, नाहीतर गाडी तशीच पडून राहते. सही करताना शेजारी स्वतःच्या हाताने लिहा: ‘वॉरंटीचा हक्क राखून, हरकतीसह.’ त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग ईमेल करा की इंजिन माझ्यासमोर खोलावं, काढलेले भाग, जुना ऑइल फिल्टर आणि चेंबरमधलं (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीतलं) ऑइल जपून ठेवावं.

त्या दिवशी सुट्टी टाका आणि स्वतः उभे राहा. वरचं कव्हर निघालं की आत काय दिसतं ते महत्त्वाचं. ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नसेल तर आत डांबरासारखा काळा गाळ बसलेला असतो, बोटाने खरवडला तर थर निघतो. ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनात धातूवर फार तर मधासारखी पिवळसर झाक असते. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी किंवा कूलंट शिरलंय. चेंबरच्या तळाची जाळी तुंबलीय की मोकळी आहे हेही पाहा. भावाच्या गाडीचं कव्हर निघालं तेव्हा आतल्या कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) गाळाचा मागमूस नव्हता. सलग व्हिडिओ घेतला, सुरुवातीला नंबर प्लेट आणि ओडोमीटर दाखवून. त्या चार मिनिटांनी पुढे जे काम केलं ते कुठल्याही शिक्क्याने केलं नसतं.

शक्य असेल तर ऑइलचा नमुना कोरड्या, स्वच्छ बाटलीत घेऊन सील करा आणि त्यावर तारीख व दोघांच्या सह्या घ्या. चिकटपणा आणि झिजलेल्या धातूचे कण प्रयोगशाळेत मोजता येतात.

नकार लेखी मिळवा

तोंडी नकाराला आयोगात किंमत नाही. “कंपनीने नाही म्हटलंय” एवढ्यावर उठू नका. ईमेलवर तीन गोष्टी मागा: क्लेम नाकारल्याचं कारण, वॉरंटी पुस्तिकेतलं नेमकं कलम आणि तांत्रिक तपासणीचा अहवाल. सोबत गाडीच्या सगळ्या सर्व्हिसची नोंद, जॉब कार्डांसह (गाडी घेताना वर्कशॉप कामाची नोंद करतं तो कागद). ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहकापासून आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी आहे, तेव्हा उत्तर आलं नाही तर तेही तुमच्या बाजूने लागतं.

हे चालू असताना आपली पुस्तिका नीट वाचा. बहुतेक गाड्यांना ‘१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यापैकी जे आधी’ अशी अट असते. घरून काम करणारे इथे फसतात. गाडी वर्षात तीन हजारच चालली, मग सर्व्हिस कशाला, असं वाटतं. पण वर्ष उलटलेलं असतं. धूळ, छोटे फेरे, हिंजवडीच्या रांगेत तासभर चालू ठेवलेलं इंजिन, अशा वापरासाठी पुष्कळ पुस्तिकांमध्ये याहून कमी अंतर दिलेलं असतं.

‘बाहेर सर्व्हिस केली म्हणजे वॉरंटी संपली’ हे वाक्य मात्र जसंच्या तसं गिळू नका. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांवर २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना सांगितलं होतं की, बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये; बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. त्या आदेशावर पुढे अपिलं झाली, म्हणून सगळी भिस्त त्यावर नको. पण अर्जात एक परिच्छेद जरूर घाला.

अर्ज कोण करू शकतं

स्वतःच्या वापरासाठी पैसे मोजून गाडी घेतलेली कोणतीही व्यक्ती. व्यापारी हेतूने घेतलेली गाडी कायद्यातून वगळली आहे, पण पोटापाण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवणारा चालक ग्राहकच धरला जातो. त्याने अर्जात ‘स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी’ असं स्पष्ट लिहावं. दहा गाड्या भाड्याने लावणाऱ्याला हा मार्ग बहुधा बंद. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर आधी वकिलाशी बोला. सेकंडहँड गाडी असेल तर वॉरंटी तुमच्या नावावर झाल्याचा कागद शोधा.

मुदत दोन वर्षांची. ती नकाराच्या तारखेपासून की इंजिन बंद पडल्यापासून, यावर भांडत बसण्यापेक्षा आधीची तारीख धरून चाला. उशीर झालाच तर सबळ कारण देऊन माफीचा अर्ज जोडता येतो, पण तो मंजूर होईलच असं नाही.

कुठल्या आयोगात जायचं ते दाव्याच्या रकमेवर नाही, गाडीसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. गाडी मुंबईत घेतली किंवा कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असलं तरी तुम्ही पुण्यात राहत किंवा नोकरी करत असाल तर पुणे जिल्हा आयोगात अर्ज चालतो. २०१९ च्या कायद्याने दिलेली ही मोठी सोय आहे. शुल्कही किमतीवरच: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००.

कागद

आरसी, खरेदीचं बिल, वॉरंटी पुस्तिका (एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिचं प्रमाणपत्र आणि पावती), विमा, टोची पावती, बंद पडल्यानंतरचं जॉब कार्ड, एस्टिमेट, नकाराचा ईमेल, आपला पत्रव्यवहार. यातलं बहुतेक घरात असतं.

नसतं ते ऑइलचं. आमच्याकडेही नव्हतं, म्हणून उलट दिशेने जमवलं. नाना पेठेतल्या दुकानदाराला पैसे यूपीआयने दिले होते, तारीख बँकेच्या स्टेटमेंटवर मिळाली. त्याने जुन्या बिलाची दुसरी प्रत काढून दिली, त्यावर ५डब्ल्यू-३० या ग्रेडचं ऑइल आणि फिल्टरचा पार्ट नंबर होता. तो नंबर आमच्या मॉडेलचाच. मेस्त्रीकडून प्रतिज्ञापत्र घेतलं की अमुक महिन्यात अमुक नंबरच्या गाडीचं ऑइल मी बदललं. आधी तो कचरत होता. “कोर्टाची भानगड नको हो दादा,” म्हणाला. खोटं काही लिहायचं नाही, केलेलं काम तेवढं लिहायचं, हे पटल्यावर तयार झाला. त्याने भावाला पाठवलेला व्हॉट्सअॅप मेसेजही सापडला: ‘गाडी झाली, घेऊन जा.’ मेसेज, व्हिडिओ, फोटो जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र सोबत लावा. आयोगात पुराव्याचे नियम कोर्टाइतके ताठर नसतात, पण समोरच्या वकिलाला तेवढंच एक बोट दाखवायला मिळू नये.

मागच्या तारखेचं बिल बनवून घेऊ नका. पुण्यात ते करून देणारे भेटतात. जीएसटी क्रमांक, बिलाची क्रमवारी, पार्टचा बॅच यांत ते उघडं पडतं आणि खरी बाजूही बुडते. ऑइल खरंच बदललेलं नसेल, तर इंजिन दुसऱ्या कारणाने गेल्याचा तांत्रिक पुरावा असल्याशिवाय या वाटेला जाण्यात फारसा अर्थ नाही.

नोटीस, मग अर्ज

नोटीस बंधनकारक नाही, पण द्या. डीलर आणि उत्पादक कंपनी दोघांना, १५ दिवसांची मुदत देऊन, स्पीड पोस्टाने. पोचल्याचा पुरावा जपून ठेवा. त्याच सुमारास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवा. ती आदेश काढू शकत नाही, पण कंपनीच्या ग्राहक विभागातल्या वरच्या माणसापर्यंत विषय पोचतो. कागद दाखवून सल्ला हवा असेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ही चळवळ पुण्यातच सुरू केली.

अर्ज ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. १ जानेवारी २०२५ पासून जुन्या ई-दाखिल पोर्टलचं काम तिथे आलं आहे. मोबाइल क्रमांकाने खातं उघडायचं, जिल्हा आयोग निवडायचा, पीडीएफ चढवायच्या, शुल्क भरायचं. पक्षकारांची नावं-पत्ते, घटनाक्रम तारखांसह, तक्रार, प्रतिज्ञापत्र, कागदांची यादी आणि पान क्रमांक घातलेले कागद, हा क्रम ठेवा. तक्रार मराठीत चालते. वकील सक्तीचा नाही.

डीलर आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा आणि कोणी काय चुकवलं ते वेगवेगळं लिहा. डीलरच्या चुकीसाठी उत्पादकाला आपोआप जबाबदार धरता येत नाही, त्याच्याविरुद्ध स्वतंत्र आरोप आणि पुरावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका कारच्याच प्रकरणात सांगितलं आहे. मागणीही बेताची ठेवा. रागाच्या भरात लोक नवी गाडी मागतात. वॉरंटीत भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची हमी असेल तर गाडी बदलून मिळत नाही, हेही २००६ च्या एका निकालात आलेलं आहे. इंजिनची विनामूल्य दुरुस्ती किंवा झालेला खर्च व्याजासह, टो आणि रिक्षा-टॅक्सीचा खर्च पावत्यांसह, त्रासाची भरपाई, अर्जाचा खर्च, एवढं पुरे. सोबत अंतरिम (निकालाआधीच्या आदेशासाठीचा) अर्ज करा की काढलेले भाग निकालापर्यंत नष्ट करू नयेत.

अर्ज स्वीकारायचा की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरतं. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग नमुना किंवा भाग योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. वेताळ टेकडीवरची एआरएआय किंवा भोसरीची सीआयआरटी या वाहन-तपासणी संस्थांची नावं पुण्यात सगळ्यांच्या तोंडी असतात, पण कुठे पाठवायचं ते आयोग ठरवतो आणि शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने म्हटलं आहे. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त काळ धरा. विरुद्ध निकालावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं. कंपनी अपिलात गेली तर आदेशाच्या निम्मी रक्कम तिला आधी भरावी लागते.

भावाचं प्रकरण आयोगापर्यंत गेलंच नाही. नोटिशीसोबत त्या चार मिनिटांच्या व्हिडिओची लिंक आणि मेस्त्रीचं प्रतिज्ञापत्र होतं. अठराव्या दिवशी वर्कशॉपमधून वेगळ्या आवाजात फोन आला: ‘गुडविल’ म्हणून सगळे पार्ट्स कंपनीचे, मजुरी तुमची. मजुरी होती बावीस हजार. भावाने हो म्हटलं. सही करायच्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम तडजोड, यापुढे कोणतीही तक्रार नाही’ असं होतं. ते खोडून ‘फक्त सदर दुरुस्तीपुरती’ असं लिहून घेतलं आणि बसवलेल्या नव्या भागांची वॉरंटी किती महिन्यांची, हे त्याच कागदावर वर्कशॉपच्या शिक्क्यासह मागितलं. त्याला त्यांनी दोन दिवस घेतले, पण दिलं.