टेक्सास की कॅरोलिना? एकाच डबीतल्या दोन रिग

गोळीसारखं टोकदार वजन, एक मणी, वाकड्या मानेचा गळ आणि रबरी गांडूळ. रॉडने मासे धरताना लाइनला गळ, वजन आणि आमिष ज्या मांडणीत बांधतात ती रिग, आणि टेक्सास रिगला एवढंच लागतं. त्यात एक स्विव्हल (दोन कड्यांची फिरती जोडणी) आणि हात-दीड हात लाइन वाढली की कॅरोलिना रिग होते. सामान इतकं सारखं असल्यामुळे व्हिडिओ पाहून घरी रिग बांधणाऱ्यांच्या डबीत बरेचदा तिसरंच काहीतरी निघतं. वजन गळापासून वीतभर वर सरकलेलं, मध्ये ना गाठ ना स्विव्हल, आणि वर प्रश्न: "हे कॅरोलिनाच हाय ना भाऊ?"

नाही. ती ढिली पडलेली टेक्सास आहे. वजन गळापासून किती लांब आहे यावरून रिग ओळखायला गेलं की हा घोळ होतो. त्यापेक्षा वजन कोणतं काम करतंय ते बघावं. टेक्सासमध्ये वजन आमिषाला घेऊन खाली जातं आणि त्याच्यासाठी झुडपातून वाट काढतं. कॅरोलिनामध्ये वजन एकटंच तळाला घासत, गाळ उडवत, मण्यावर आपटत जातं. आमिष दीड ते तीन फूट मागे, ढील दिलेल्या पतंगासारखं, त्याचा भार अंगावर न घेता तरंगत येतं. बांधणीतली प्रत्येक लहानसहान गोष्ट या फरकातून येते.

दोन्ही रिग अमेरिकेतल्या बास माशासाठी घडल्या. लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला, दबा धरून बसणारा शिकारी. निक क्रीम यांनी १९४९ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन इथे मऊ प्लास्टिकचं गांडूळ तयार केलं. पुढे झाडाझुडपांतून ते न अडकता ओढता यावं म्हणून गळाचं टोक त्याच्या अंगातच लपवायची पद्धत रुळली, तीच टेक्सास. कॅरोलिनाचं नाव झालं ते जॅक चान्सलर यांच्यामुळे. १९८५ मध्ये त्यांनी आर्कान्सा नदीवर झालेली बासमास्टर क्लासिक ही मोठी स्पर्धा याच रिगवर जिंकली.

नागपूरच्या तलावांत बास नाही, मरळ आहे. तोही झुडपात दबा धरतो. पण त्याला हवा घ्यायला वर यावं लागतं, त्याचं तोंड हाडाचं असतं आणि दात धारदार असतात. म्हणून अमेरिकी मापं जशीच्या तशी उचलायची नाहीत. बारीक तारेचा गळ मरळासाठी कुचकामी, जाड तारेचाच हवा.

आता टेक्सासची बांधणी. शंकूसारख्या वजनाचं टोक रॉडकडे राहील अशी लाइन ओवायची. उलटं ओवलं तर सपाट बाजू पुढे होते आणि पहिल्याच वेलीत रिग अडकते. मग मणी, मग गळ. गाठ पालोमार, म्हणजे लाइन दुहेरी करून मारायची गाठ. मणी असला तर वजन गाठीवर आपटत नाही. तो काचेचा घ्यावा, नागपूरच्या इतवारीत मण्यांच्या दुकानात हवा तेवढा मिळतो. फक्त भोकाच्या कडेवरून नख फिरवून पाहायचं, खरखरीत असेल तर टाकून द्यायचा.

गांडूळ चढवण्यात सगळं कौशल्य आहे. गळाचं टोक गांडुळाच्या नाकातून मधोमध अर्धा सेंटिमीटर आत घालून बाजूने बाहेर काढायचं. गळाची मान नाकात लपेपर्यंत गळ ओढायचा, मग तो अर्धा फिरवायचा. आता गळ गांडुळाशेजारी लोंबता धरून त्याचा बाक नेमका कुठे येतो ते बघायचं आणि तिथेच टोक आरपार घालायचं. शेवटी ते बाहेरच्या कातडीत हलकंसं टेकवून ठेवायचं. बोटावरून गांडूळ लोंबकळवलं की ते सरळ दिसलं पाहिजे. मध्ये कुबड आलं तर पाण्यात ते भिरभिरतं, लाइनला पीळ बसतो, आणि भिरभिरणाऱ्या गांडुळाला मासा फारसा भुलत नाही. घाईत बांधलेल्या दहांपैकी निम्म्या तरी रिग इथेच बिघडतात, असं माझं मत.

यात आपल्याकडच्या उन्हाची भर. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेली प्लास्टिकची गांडुळं वाकडी होऊन बसतात. कढत पाण्यात थोडा वेळ बुडवून सपाट ताटलीवर सरळ निववली की बहुतेक ताळ्यावर येतात. ती मूळ पाकिटातच ठेवलेली बरी. निरनिराळ्या प्रकारचं प्लास्टिक एका डबीत कोंबलं तर एकमेकांना चिकटून वितळल्यासारखं होतं.

वजन सैल ठेवायचं की रोखायचं? हा प्रश्न टेक्सासमध्येच येतो आणि घोळाची सुरुवातही इथूनच होते. सैल ठेवलं तर पडताना वजन पुढे जातं आणि गांडूळ मागून सावकाश उतरतं. विरळ गवतात हे छान. पण अंबाझरीसारख्या जलपर्णी माजणाऱ्या तलावात वजन पानांच्या खाली आणि गांडूळ पानांच्या वर, अशी फाटाफूट होते. तिथे वजन गळाला लागूनच रोखायचं. टूथपिकचं टोक वजनाच्या भोकात दाबून मोडलं की काम होतं, पण त्याने लाइन चेपते. लाइनवर घट्ट बसणारा रबरी स्टॉपर महाग नाही, तोच वापरावा. विरळ गवतात ५ ते १० ग्रॅम पुरतात. दाट पानांचा थर फोडायचा असेल तर १४ ग्रॅम किंवा जास्त.

कॅरोलिनाची बांधणी सोपी, पण नियम कडक. मुख्य लाइनीत वजन, मग मणी, मग स्विव्हल. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला दीड ते तीन फुटांचा लीडर (लाइनीचा वेगळा तुकडा), त्याच्या टोकाला गळ. स्विव्हल दोन कामं करतो: वजनाला थांबवतो आणि पीळ सोडवतो. तो गाळला तर वजन घरंगळत गळापर्यंत येतं आणि कॅरोलिना संपते. लीडर मुख्य लाइनीपेक्षा कमी ताकदीचा हवा, म्हणजे दगडात अडकल्यावर लीडरच तुटतो आणि वजन, मणी, स्विव्हल परत येतात. मुख्य लाइनीइतक्याच ताकदीचा लीडर लावून सगळं तळाला घालवणारे कमी नाहीत. वजन इथे १५ ते २८ ग्रॅम, आणि आकाराचं फारसं अडत नाही. अंडाकृती, नळीसारखं, थोडं ओबडधोबडसुद्धा चालतं. घरी वजन करणाऱ्याने म्हणूनच कॅरोलिनापासून सुरुवात करावी. टेक्सासचा शंकू जरा वेडावाकडा झाला तरी वेलीत त्रास देतो.

कॅरोलिनाचं गांडूळ वेगळं निवडायचं, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. मीठ घातलेलं प्लास्टिक जड असतं, बुडतं. टेक्सासला ते चालतं, कारण तिथे खालीच जायचं आहे. कॅरोलिनाला लावलं तर ते वजनामागे गाळात लोळत येतं आणि लांब लीडरचा उपयोगच उरत नाही. बिनमिठाचं, हलकं प्लास्टिक आणि जरा हलका गळ घ्यायचा. घरच्या बादलीत गळासकट सोडून पाहावं: तरंगलं किंवा अगदी सावकाश उतरलं तर ठीक, दगडासारखं तळ गाठलं तर टेक्सासच्या डबीत.

वजन कशाचं? शिसं मऊ, स्वस्त आणि पाण्याच्या सव्वाअकरा पट जड. ते ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून घरच्या गॅसवर वितळवून साच्यात ओतायचा मोह होतो. तो आवरावा. साच्यात थेंबभर ओल राहिली तरी तिची वाफ होऊन तापलेलं शिसं उसळतं. त्याची धूळ आणि मळी भांड्याला, ओट्याला, कपड्यांना लागून पोटात जाते. लहान मुलं असलेल्या घरात तर हा उद्योग नकोच. थंड पद्धत पुरेशी आहे: शिशाची पट्टी बारीक खिळ्याभोवती घट्ट गुंडाळायची, हातोडीने ठोकून आकार द्यायचा, खिळा ओढून काढायचा, भोकाच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या. हातमोजे घालावेत आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजनं १९८७ पासून बंद आहेत. कारण हंस. ते खडे समजून शिशाचे दाणे गिळत आणि विषबाधेने मरत. आपल्या तलावांवरही बदकं, करकोचे उतरतात, आणि तळाला तुटून राहिलेलं वजन विरघळून नाहीसं होत नाही. म्हणून माझं मत पितळेच्या बाजूने. लेथवाल्याकडून पितळी सळईचे शंकू करून घेतले तर काम होतं. पितळ शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाला आकार मोठा होतो. दाट झुडपात तो मोठेपणा नडतो, पण उघड्या तळावर पितळ काचेच्या मण्यावर आपटून खणखणीत वाजतं आणि कॅरोलिनाला हेच हवं असतं. टंगस्टन याहून सरस, शिशापेक्षाही घन, पण ते ३४२२ अंशांना वितळतं. ते विकतच घ्यावं लागतं आणि खिशाला लागतं.

हाताळणी दोन ओळींत सांगता येते. टेक्सास रॉडच्या टोकाने उचलायची आणि सोडायची, आमिष पडत असतानाच मासा ते धरतो, तेव्हा झटका वर मारायचा. कॅरोलिना रॉड आडवा ठेवून ओढायची, वजन तळाला टेकलेलंच राहू द्यायचं, आणि लाइन जड लागली की रॉड बाजूला लांबवर ओढून घ्यायचा.

नागपूर परिसरात कुठली कुठे? बेशरमाच्या झुडपांची कड, कमळाची पानं, जलपर्णी असेल तिथे टेक्सास. तिथे कॅरोलिना टाकणं म्हणजे दर फेकीला किलोभर गवत ओढून आणणं. उन्हाळ्यात पाणी उतरलेल्या धरणाचा मुरमाड उतार, जुन्या पात्राची कड, तळाशी हिंडणारा शिंगाळा, अशा जागी कॅरोलिना. खरं सांगायचं तर मरळामागे जाणाऱ्याला टेक्सास आयुष्यभर पुरेल.

जाण्याआधी परवानगी बघावी. अनेक तलावांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यांना विचारूनच बसावं. पेंच राष्ट्रीय उद्यानातल्या तोतलाडोह जलाशयात मासेमारीला बंदी आहे, तिकडे रॉड नेऊच नये.

डबीत दोन्ही ठेवायच्या असतील तर लीडर घरूनच बांधून थर्मोकोलच्या तुकड्यावर गुंडाळून न्यावेत. एका टोकाला गळ, दुसऱ्याला स्विव्हल. काठावर टेक्सासचा गळ कापला, शंकू काढून जड वजन ओवलं, मणी घातला आणि तयार लीडरचा स्विव्हल बांधला की एकाच गाठीत कॅरोलिना तयार होते. कापलेली लाइन खिशात घालायची. काठावर टाकली तर बगळ्याच्या पायात जाते.