शिवलिंग शिखराचा पांढरा खडक

उत्तराखंडात गोमुखाच्या वर तपोवनात पोहोचलं की 6,543 मीटर उंचीचं शिवलिंग शिखर थेट समोर उभं राहतं. बघणाऱ्याची नजर बर्फावर जाते, पण माझ्या मते खरी नवलाई खडकात आहे. बर्फ टिकत नाही अशा उभ्या कड्यांवरही हे शिखर फिकट, जवळजवळ पांढरं दिसतं. हा गंगोत्री ग्रॅनाइट. समोरच्या भागीरथी-3 शिखरावर तर खाली पांढरा ग्रॅनाइट आणि माथ्यावर गाळापासून बनलेला काळसर खडक, अशी सीमा लांबूनही ओळखू येते.

या ग्रॅनाइटचा ताजा फुटलेला तुकडा भिंगाखाली धरा. काचेसारखे, करडसर आणि कुठलाही ठरावीक आकार नसलेले कण म्हणजे क्वार्ट्झ, आपली गारगोटी. ती बहुधा उशिरा गोठते, त्यामुळे उरलेल्या फटींचा आकार घेते. दुधी कण फेल्डस्पारचे. तुकडा उन्हात फिरवला की त्यांचे सपाट पृष्ठभाग एकेक करून चमकतात. मधूनमधून चंदेरी पापुद्रे दिसतात, ते पांढऱ्या अभ्रकाचे. आणि काळ्या बारीक कांड्या? त्यांना टाचणी लावून पाहा. पापुद्रा सुटला तर ते काळं अभ्रक. सुटला नाही, आणि कांडीवर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असल्या, तर ते टूर्मलीन नावाचं खनिज. कुठे कुठे गार्नेट या खनिजाचे लालसर ठिपकेही सापडतात.

पांढरं अभ्रक, टूर्मलीन आणि गार्नेट एकत्र दिसले की या खडकाचं मूळ उलगडू लागतं. अभ्रक आणि गार्नेट सांगतात की शिलारसात, म्हणजे वितळलेल्या खडकात, अॅल्युमिनियम भरपूर होतं, आणि ते चिकणमातीत भरपूर असतं. टूर्मलीनला बोरॉन लागतं, तेही सागरी चिखलात साठतं. म्हणजे हा ग्रॅनाइट वितळलेल्या जुन्या गाळाचा आहे. स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाणही तेच सांगतं. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट याहून अगदी वेगळा. तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी कवचाखालच्या प्रावरणातून आला, त्यात लोह-मॅग्नेशियम जास्त, म्हणून तो काळा.

भारतीय भूपट्ट आशियाला सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भिडला. त्यानंतर कवच जाड होत गेलं आणि गाळाचे खडक खोल गाडले जाऊन तापले. त्यांच्यातल्या पांढऱ्या अभ्रकाच्या रचनेतच पाणी बांधलेलं असतं. तापमान 700 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की हे अभ्रक विघटित होतं, ते पाणी थेट शिलारसात जातं आणि खडक थोडाथोडा वितळू लागतो. पाणी बाहेरून यावं लागत नाही! हिमालयाच्या भूशास्त्रात मला याइतकं सुंदर दुसरं काही वाटत नाही.

पोतही बोलका आहे. सावकाश निवलेलं तूप रवाळ होतं, तसे सावकाश थंड होणाऱ्या शिलारसात मोठे स्फटिक वाढतात. गंगोत्री ग्रॅनाइटचे कण मात्र बरेचसे बारीक, साधारण एक-दोन मिलिमीटरचे. कारण हा शिलारस एका प्रचंड कोठीत साचून राहिला नाही. तुलनेने पातळ थरांच्या आणि भिंतींसारख्या उभ्या पट्ट्यांच्या रूपात वरच्या खडकात घुसला आणि त्यामानाने लवकर निवला.

शिवलिंगच्या ग्रॅनाइटमधल्या मोनाझाइट या खनिजाच्या सूक्ष्म कणांवरून त्याचं वय सुमारे 2 कोटी 20 ते 30 लाख वर्षं ठरलं आहे. नेपाळमधल्या मनास्लू आणि मकालू शिखरांवरही याच जातीचा फिकट ग्रॅनाइट आहे.