न्यूटनचा वाढदिवस २५ डिसेंबर की ४ जानेवारी? दिनविशेषातल्या तारखांचं गणित

शाळेत परिपाठाला दिनविशेष सांगतात, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात वार, तारीख, तिथी आणि खाली "आज कोण जन्मलं, आज काय घडलं", हा प्रकार मला मनापासून आवडतो, कारण इतिहास आणि विज्ञान दोन्ही एका दमात मुलांच्या कानावर पडतं. पण दर डिसेंबरात व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो आणि मग तोच परिपाठात जसाच्या तसा वाचला जातो, की ज्या वर्षी गॅलिलिओ गेला त्याच वर्षी २५ डिसेंबरला न्यूटन जन्माला आला. काही जण तर तिथून थेट पुनर्जन्मापर्यंत पोचतात. म्हटलं यावर एकदा नीट लिहूच, कारण यात जे गणित लपलंय ते त्या मेसेजपेक्षा कितीतरी भारी आहे आणि सातवी-आठवीतल्या मुलाला सहज जमेल असं आहे.

आधी २५ डिसेंबर ही तारीख बघू, कारण ती मुळात श्रीमंत तारीख आहे. १८६१ मध्ये मदनमोहन मालवीय याच दिवशी जन्मले, १९२४ मध्ये ग्वाल्हेरला अटलबिहारी वाजपेयी. १९२७ च्या २५ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला मनुस्मृतीचं दहन केलं. २०२१ मध्ये याच दिवशी फ्रेंच गयानातल्या कौरूहून जेम्स वेब दुर्बीण आरियान-५ रॉकेटवर बसून निघाली, आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे पावणेसहा वाजून गेले होते. आणि माझी सगळ्यात लाडकी घटना १७५८ ची. एडमंड हॅलीने न्यूटनचंच गुरुत्वाकर्षणाचं गणित वापरून सांगून ठेवलं होतं की १६८२ मध्ये दिसलेला धूमकेतू साधारण १७५८ च्या शेवटी परत येईल. हॅली १७४२ मध्ये वारला, पण जर्मनीत ड्रेस्डेनजवळ योहान पालिच नावाचा एक शेतकरी, जो हौशी आकाशनिरीक्षक होता, त्याने २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री तो धूमकेतू पहिल्यांदा पकडला. म्हणजे न्यूटनच्या वाढदिवशीच न्यूटनचा सिद्धांत खरा ठरला!

इथेच थांबायचं, कारण हे वाक्य चूक आहे.

न्यूटन इंग्लंडमध्ये वूल्सथॉर्पला जन्मला तेव्हा तिथल्या कॅलेंडरवर २५ डिसेंबर १६४२ होतं हे खरंच आहे, घरात ख्रिसमसच होता. पण त्याच दिवशी, अगदी त्याच सूर्योदयाला, इटलीत, फ्रान्समध्ये, स्पेनमध्ये तारीख होती ४ जानेवारी १६४३. दिवस एक, तारखा दोन, आणि दोन्हीत १० दिवसांचं अंतर, कारण इंग्लंड अजून जुनं कॅलेंडर वापरत होतं आणि या देशांनी नवीन घेतलेलं होतं. पालिचने धूमकेतू पाहिला तोवर जर्मनी आणि इंग्लंड दोघांनीही नवीन कॅलेंडर घेतलेलं होतं, त्यामुळे त्याचा २५ डिसेंबर हा आपल्या आजच्या हिशोबातला २५ डिसेंबर आहे आणि न्यूटनचा नाही. गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ ला, पण ही इटलीची म्हणजे नवीन कॅलेंडरची तारीख. आता दोघांनाही एकाच कॅलेंडरवर आणा. नवीन कॅलेंडर धरलं तर गॅलिलिओ १६४२ मध्ये गेला आणि न्यूटन १६४३ मध्ये आला. जुनं धरलं तर गॅलिलिओचा मृत्यू जातो २९ डिसेंबर १६४१ ला आणि न्यूटनचा जन्म १६४२. कुठलंही एक घ्या, वर्ष जुळतच नाही! ते जुळतं फक्त एकाची तारीख एका देशाच्या कॅलेंडरवरून आणि दुसऱ्याची दुसऱ्या देशाच्या कॅलेंडरवरून घेतली तर.

आता हे १० दिवस आले कुठून, हा खरा मजेचा भाग. पृथ्वीला एका वसंत संपातापासून पुढच्या वसंत संपातापर्यंत (म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखी होते तिथपासून परत तिथपर्यंत) यायला ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटं आणि साधारण ४५ सेकंद लागतात. ज्युलियस सीझरने जे कॅलेंडर लागू केलं (तेच हे जुनं, ज्युलियन कॅलेंडर) त्यात दर चौथं वर्ष लीप, म्हणजे सरासरी वर्ष ३६५ दिवस आणि बरोब्बर ६ तास. फरक किती, तर सव्वाअकरा मिनिटं. वर्षाला सव्वाअकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ती साठत जातात. दिवसाची मिनिटं १४४०, त्याला ११.२५ ने भागा, उत्तर येतं १२८. म्हणजे दर १२८ वर्षांनी कॅलेंडर ऋतूंच्या मानाने एक अख्खा दिवस घसरतं.

चर्चला ईस्टरची तारीख काढायला वसंत संपात लागतो आणि तो २१ मार्चला असतो हे गणित इसवी सन ३२५ मधल्या नायसियाच्या धर्मपरिषदेच्या काळातलं. ३२५ पासून १५८२ पर्यंत वर्षं झाली १२५७. भागिले १२८. उत्तर ९.८, म्हणजे जवळपास १० दिवस! खरोखरच तोवर संपात २१ ऐवजी ११ मार्चच्या आसपास येऊन बसला होता. मग पोप तेरावा ग्रेगरी याने सुधारणा केली (तेच नवीन, ग्रेगोरियन कॅलेंडर), त्यामागची मूळ योजना अलॉयसियस लिलियस या इटालियन वैद्याची आणि पुढचं सगळं गणित क्रिस्टोफर क्लॅव्हियस या गणितज्ञाने सांभाळलं. गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर. मधल्या दहा तारखा गायब. स्पेनमधली संत तेरेसा नेमकी त्याच रात्री वारली, त्यामुळे तिच्या मृत्यूची नोंद ४ किंवा १५ ऑक्टोबर अशी वाचायला मिळते आणि दोन्हीत फरक फक्त एका रात्रीचा असतो.

नीट बघा, तारखा उडाल्या पण वार उडाला नाही, गुरुवारनंतर शुक्रवारच आला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हीच आपल्या कामाला येणार आहे.

घसरण परत होऊ नये म्हणून नियम केला की शंभराने भाग जाणारी वर्षं लीप धरायची नाहीत, पण चारशेने भाग गेला तर धरायची. म्हणून १७००, १८००, १९०० लीप नव्हती आणि २००० होतं. ४०० वर्षांत लीप वर्षं १०० ऐवजी ९७. सरासरी वर्ष ३६५.२४२५ दिवसांचं, खरं वर्ष ३६५.२४२२ च्या आसपास, म्हणजे आता चूक एका दिवसाची व्हायला तीन हजारांहून जास्त वर्षं लागतील. दुर्बिणीचा शोध लागायच्या आधी हे केलंय लोकांनी! आणि यातून एक सुंदर गोष्ट आपोआप निघते. ४०० वर्षांचे एकूण दिवस काढा, ४०० गुणिले ३६५ अधिक ९७, म्हणजे १,४६,०९७. याला ७ ने भागा. २०,८७१, बाकी शून्य! म्हणजे ग्रेगोरियन कॅलेंडरचे वार दर ४०० वर्षांनी जसेच्या तसे परत येतात. १६३० चे वार बघायचेत तर २०३० चं कॅलेंडर उघडा, झालं.

१६३० मुद्दाम घेतलं. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० ला झाला हे आपल्याकडे मुलांना पाठच असतं. ही तारीख मुळात तिथीवरून काढलेली आहे. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत (म्हणजे घटनांच्या तिथीवार नोंदींच्या जुन्या यादीत) नोंद आहे ती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी. आता मुलांच्या हातात फोन द्या आणि २०३० चा फेब्रुवारी उघडायला सांगा. १९ फेब्रुवारी २०३० ला वार दिसेल मंगळवार. म्हणजे आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर मागे नेलं तर १९ फेब्रुवारी १६३० सुद्धा मंगळवार. शकावली म्हणते शुक्रवार. मग शकावली चुकली का? अजिबात नाही. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख आहे, तिच्यात १० दिवस मिळवा, येते १ मार्च. २०३० च्या १ मार्चला बोट ठेवा. शुक्रवार!

मला हे पहिल्यांदा करून बघताना जे वाटलं ते शब्दात सांगता येत नाही. कुणीतरी जुन्या शकावलीत वार लिहून ठेवला, आणि आपण फोनवर एक भागाकार करून त्याचं म्हणणं बरोबर होतं हे सिद्ध करू शकतो. जयंती कुठल्या दिवशी साजरी करायची हा वाद मला इथे उकरायचा नाही, १९ फेब्रुवारीला साजरी होते ते छानच आहे आणि तिथीने करणारे पण करतात, मला फक्त एवढंच दाखवायचंय की तिथी, तारीख आणि वार तिन्ही एकमेकांशी जुळतात, फक्त तारीख कुठल्या कॅलेंडरची ते माहीत पाहिजे.

आपल्या इतिहासात हा घोळ जागोजागी आहे, कारण गोव्यात पोर्तुगीज होते ते ग्रेगोरियन वापरायचे आणि सुरत-मुंबईचे इंग्रज १७५२ पर्यंत ज्युलियन. रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन हजर होता, इंग्रजी हिशोबाने तो दिवस ६ जून १६७४, आणि त्याच दिवशी पोर्तुगीज कॅलेंडरवर तारीख १६ जून. १६६५ मध्ये मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे आली तेव्हा नव्या मालकांची तारीख जुन्या मालकांच्या १० दिवस मागे होती. म्हणून इतिहासाचे अभ्यासक एखादं पत्र हातात आलं की आधी ते कुणी लिहिलंय ते बघतात आणि मगच तारीख मांडतात.

इंग्लंडने शेवटी १७५२ मध्ये बदल केला, बुधवार २ सप्टेंबरनंतर गुरुवार १४ सप्टेंबर. यावेळी ११ दिवस उडवावे लागले, १० नाही, कारण मधे १७०० साल येऊन गेलं होतं, जे ज्युलियनमध्ये लीप होतं आणि ग्रेगोरियनमध्ये नव्हतं. लिनक्स वापरणाऱ्यांनी सप्टेंबर १७५२ चं कॅलेंडर कमांड देऊन काढून बघा, भलंमोठं भगदाड दिसेल. शिवाय तोवर इंग्लंडात कायद्याने नवीन वर्ष १ जानेवारीला सुरूच होत नव्हतं, ते व्हायचं २५ मार्चला. त्यामुळे न्यूटनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या स्मारकावर मृत्यूची तारीख आहे २० मार्च १७२६, पुस्तकांत काही ठिकाणी २० मार्च १७२७ आणि काही ठिकाणी ३१ मार्च १७२७. तिन्ही बरोबर! वर्ष संपायला पाच दिवस बाकी होते म्हणून १७२६, जानेवारीपासून मोजलं तर १७२७, आणि ११ दिवस मिळवले की ३१ मार्च. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला तर कागदावर दोन ओळी आखून करून बघा, एका ओळीत जुन्या तारखा आणि बरोबर खाली नव्या.)

आता जन्मतारखेवरून भविष्य सांगणाऱ्या अंकशास्त्राबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. तारखेतल्या अंकांची बेरीज म्हणजे मूलांक. न्यूटनची तारीख २५, म्हणून मूलांक ७, आणि ७ म्हणजे चिंतनशील संशोधक, बघा कसं जुळलं, असं सांगणारे व्हिडिओ मुलं बघतात आणि त्यांना ते विज्ञानच वाटतं. पण तेच बाळ त्याच क्षणी पॅरिसमध्ये जन्मलं असतं तर तारीख ४ आणि मूलांक ४. आकाश तेच, पृथ्वी तीच, बदलला तो फक्त लोकांनी आपापसात ठरवलेला आकडा. माणसांनी सोयीसाठी बनवलेल्या आकड्यात कुणाचं नशीब कसं असेल? हा प्रश्न मुलांना जरूर विचारू द्या, आणि नावात जास्तीचं अक्षर घालायला हजारो रुपये मागणाऱ्या माणसाला पण विचारू द्या.

बरं, आपलं पंचांग तरी स्थिर आहे का? स्वामी विवेकानंद १२ जानेवारी १८६३ ला जन्मले आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. आज संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. कारण आपली संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजली जाते, आणि ताऱ्यांच्या संदर्भातलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं आहे, पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो म्हणून. परत तीच गोष्ट, थोडी मिनिटं साठत जातात आणि साधारण ७० वर्षांत एक दिवस होतो. "संक्रांत कायम १४ जानेवारीलाच" हे म्हणून चालत नाही ते यामुळे.

मुलांबरोबर करायला एक सोपा उद्योग सांगतो. १९०० च्या आधी जन्मलेल्या एखाद्या रशियन शास्त्रज्ञाची जन्मतारीख शोधा, बऱ्याचदा दोन तारखा दिलेल्या दिसतील. १८०० ते १९०० मधली असेल तर फरक १२ दिवसांचा निघेल आणि १९०० नंतरच्या घटनेत १३ दिवसांचा, कारण प्रत्येक शतकवर्षाला एक दिवस वाढत गेला. रशियाने ३१ जानेवारी १९१८ नंतर थेट १४ फेब्रुवारी घेतला, म्हणून ज्या क्रांतीला ऑक्टोबर क्रांती म्हणतात तिचा दिवस आजच्या हिशोबाने ७ नोव्हेंबर येतो. २००० साल मात्र दोन्हीकडे लीप होतं, त्यामुळे फरक १३ वरच थांबलेला आहे.

आणि रशियन चर्च अजूनही जुनंच कॅलेंडर धरून आहे, त्यामुळे त्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला उजाडतो. २१०० साल आपल्याकडे लीप नसेल, त्यांच्याकडे असेल. जुनं कॅलेंडर त्यांनी तोवर सोडलं नाही तर तिथला ख्रिसमस २१०१ मध्ये ८ जानेवारीला येईल.